सूत्र: गृहिणी

माझ्या दादाला हेर म्हणजे काय ते कळत नाही, पण हेरांवर त्याची त्रेचाळीस पुस्तकं आहेत. सगळी चित्रकथांची. नायकाचं नाव पाहुणा. पाहुणा कोणाच्याही घरात शिरतो, चहा पितो, निरोप घेतो, आणि दुसऱ्या दिवशी कुठलं तरी सरकार गडगडतं. दादा गोष्ट लिहितो. मी चित्रं काढते, आणि संवादांच्या फुग्यांतली अक्षरंही मीच लिहिते. बोटांना कायम डाग, म्हणून घरात मला 'शाई' म्हणतात. बावीस वर्षं मी त्या पाहुण्याचा जबडा काढत आलेय. तो जबडा आमच्या बाबांचा, असं दादा मुलाखतींत सांगतो. बाबांना जबडाच नाही. त्यांची हनुवटी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो, ते त्यांच्या न्हाव्यालाही नीट ठाऊक नसेल.

बाबा खात्यात होते. जुनं सरकार होतं तोवर 'खातं' म्हटलं की कुठलं, हे कोणी विचारत नसे. बाबांनी नोकरीबद्दल घरात एक अक्षर काढलं नाही. दुपारी डब्यातलं काय आवडलं असं विचारलं तरी डोळे बारीक करून म्हणायचे, "ते मला सांगता येणार नाही." दादा त्या एका वाक्यावर वाढला. मला ते ऐकून कसंसंच व्हायचं, पण मीही धरून चालले होते की एवढं झाकलंय म्हणजे खाली काहीतरी असणार.

गेल्या वर्षी प्रकाशकाच्या डोक्यात आलं, की पाहुण्याची मूळ कथा काढायची. पाहुणा हेर कसा झाला, आणि मुखपृष्ठावर ठळक, 'लेखकाच्या वडिलांच्या आयुष्यावरून'. दादा हुरळला. बाबांनी आरशासमोर उभं राहून दोन-तीन सह्या करून पाहिल्या. आरशासमोर सही कशाला करतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

"या वेळी सगळं खरं पाहिजे," दादा मला म्हणाला. "खोल्या, टेबलं, दिव्यांच्या छत्र्या. तू जाऊन बघून ये."

खात्याची इमारत आता दंतवैद्यक कॉलेजाला दिलीय, पण त्याचे कागद गावाबाहेरच्या एका दफ्तरखान्यात ठेवलेत. नव्या सरकारच्या कायद्यानं घरच्या माणसाला घरच्या माणसाची फाइल बघता येते. मी बाबांची सही घेऊन अर्ज भरला, आणि एका मंगळवारी पेन्सिली अन् स्केचबुक घेऊन तिथं जाऊन बसले. खुर्च्यांची चित्रं काढायला गेले होते मी. तेवढंच डोक्यात होतं.

दफ्तरातल्या बाई दोन फायली घेऊन आल्या. एक पातळ, एक चार बोटं जाड.

"ही तुमच्या वडिलांची," त्या म्हणाल्या. "आणि ही त्याच पत्त्यावरची. एकत्र बांधलेल्या होत्या."

पातळ फाइल दहा मिनिटांत संपली. बाबा खात्याच्या स्टेशनरी विभागात होते. कार्बन पेपर, टाचण्या, शिक्क्यांची शाई. बत्तीस वर्षं तिथंच. पहिल्या वर्षीचा साहेबाचा शेरा असा: 'प्रामाणिक. मंद. बोलघेवडा. गोपनीय काम देऊ नये.' पुढच्या साहेबांनी दर वर्षी खाली फक्त 'वरीलप्रमाणे' लिहून सही केलेली. मधे एकच घटना नोंदलेली होती. बाबा कोऱ्या ओळखपत्रांचे तीन गठ्ठे न्हाव्याच्या दुकानात विसरून आले होते. गठ्ठे संध्याकाळी सापडले, पण असल्या चुकीला त्या काळी तुरुंग होता. त्याखाली तांबड्या पेन्सिलीनं लिहिलेलं, 'घरी भेट दिली. प्रश्न मिटला. पाहा: गृहिणी.'

मला हसूच आलं. बावीस वर्षं मी ज्या माणसाला गच्च्यांवरून उड्या मारायला लावत होते, त्याला त्याच्या खात्यानं एक लिफाफासुद्धा विश्वासानं हातात दिला नव्हता. सांगता येणार नाही म्हणजे काय, तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. हसतच मी दुसरी फाइल उघडली.

पहिल्या पानावर छापील रकाना: 'सूत्र'. त्यापुढे टाइप केलेलं, 'गृहिणी'. खाली हातानं लिहिलेलं पान.

अक्षर हा माझा धंदा आहे. कोणाचं कुठलं, ते मी चेहऱ्याआधी ओळखते. या लिहिणाऱ्या बाईनं सबंध ओळ आधी बोडकी लिहिली होती आणि मग वरून शिरोरेषा ओढल्या होत्या, एका दमात, शब्द सुटेल तिथं हात उचलून. ओळीच्या शेवटच्या शब्दावर रेघ द्यायची बऱ्याचदा राहून गेली होती. मी पाच वर्षांची असताना ओट्यापाशी बसवून मला असंच लिहायला शिकवलं होतं. मीही अजून तसंच लिहिते. पाहुण्याच्या फुग्यांतसुद्धा.

आईचं अक्षर होतं ते. दहा वर्षांचं, दर पंधरवड्याला एक पान. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर मावशी.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि तिच्या कपड्यांच्या कपाटात एक प्रती काढायचं यंत्र होतं. वर्तमानपत्रं जे छापत नसत ते, म्हणजे कोणाला कधी उचललं आणि तो परत आला की नाही, हे त्यावर चार पानांत छापून ती आणि तिचे पाच-सहा मित्र वाटायचे. मी चौदा वर्षांची असताना तिला धरलं. बाकीच्यांना सहा-सहा वर्षं झाली, मावशी अकरा महिन्यांत सुटली. एवढ्या लवकर सुटली म्हणजे हिनंच नावं दिली, असं सगळ्यांनी धरलं. त्यांच्यातल्याच ज्या उंच मुलाशी तिचं लग्न ठरत होतं त्यानंही. नोकरी गेली ती गेलीच. तेव्हापासून ती एका जिन्याखालच्या दुकानात लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते, आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते. आई तिला आग्रहानं वाढते. सगळी इमारत म्हणायची, बहीण असावी तर अशी.

फाइलीत सगळं होतं. यंत्र कपाटाच्या कुठल्या खणात, शाई कोण आणतो, गुरुवारी कोण कोण जमतं, त्यांपैकी कोणाचं कोणाशी पटत नाही. सुटून आल्यानंतरचंही होतं: 'बहीण रडत नाही. हे बरं लक्षण नाही.' शेवटाकडे साहेबाचा एक शेरा आला: 'सूत्राच्या मुलीस चित्रकला विद्यालयात जागा हवी. शिफारस केली.'

त्या विद्यालयात पाचशे अर्जांतून चाळीस जागा होत्या. मी सबंध आयुष्य लोकांना हा आकडा सांगत आले होते. माझं बाबांना हसणं तिथंच थांबलं.

एकाही खुर्चीचं चित्र न काढता मी परत आले.

आधी दादाकडे गेले, कारण तो वाटेत राहतो. त्याच्या अभ्यासिकेत पाहुण्याचा पुठ्ठ्याचा पुतळा आहे, माणसाएवढा. त्याच्या शेजारी बसून दादानं सगळं ऐकलं. पहिली पाच मिनिटं तो खरंच पांढरा पडला होता, हे मी मान्य करते. मग त्याच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि हा रंग मला ओळखीचा आहे. कथानक सुचलं की येतो.

"म्हणजे आई," तो म्हणाला. "आईच खरी."

"आई खरी काय?"

"हेर." तो उठून फिरायला लागला. "पण चालणार नाही. घरातल्या चपला घातलेली बाई मुखपृष्ठावर कोण घेईल? वाचकाला बाप लागतो. असं करू, बाबांना सगळं माहीत होतं. आई त्यांच्यासाठी माहिती काढायची. आणि मावशी..."

"मावशी काय?"

"मावशी परक्यांना फितूर झालेली दाखवू. म्हणजे आईचं मन दोन्हीकडे ओढलं जाईल. एकीकडे बहीण, एकीकडे देश. शाई, हे पाहुण्याचं सर्वांत भारी पुस्तक होईल गं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर विरळ केस, आणि आत एक इयत्ता पाचवीतला मुलगा, बाबांच्या डोळे बारीक करण्यावर अजून भाळलेला.

"मी काढणार नाही," मी म्हटलं.

"मग दुसरा कोणी काढेल," तो म्हणाला. "पण मावशीला यातलं काही बोलू नकोस. म्हातारी जीव सोडेल." म्हणजे तिला पुस्तकात फितूर दाखवलं तर चाललं असतं, फक्त खरं तिच्या कानावर जायला नको होतं.

आई घरी काचेच्या बरण्या धूत होती. बाबा बाहेरच्या खोलीत पेंगत होते. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि म्हटलं, "मी तुझी फाइल वाचली."

ती एक बरणी पुसून झाल्याशिवाय वळली नाही. पुसून, उजेडात धरून बघितली, खाली ठेवली.

"कुठपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग आता मला काय विचारायचंय?"

मला वाटलं होतं ती रडेल, निदान खुर्ची तरी धरेल. तिनं दुसरी बरणी घेतली.

"का केलंस?"

"साहेब घरी आला तेव्हा तुझे बाबा न्हाणीघरात जाऊन बसले. आतून कडी लावून. पाऊण तास." ती सावकाश बोलत होती, पाककृती सांगावी तशी. "साहेब म्हणाला, नवऱ्याला सात वर्षं पडतील. नाहीतर महिन्यातून दोनदा दोन ओळी लिहून द्या, इमारतीत काय चाललंय ते. मी म्हटलं, लिहिते."

"इमारतीतलं. मावशी इमारतीत राहत नव्हती."

"इमारतीत काय होतं गं? कोणाचा नळ गळतो, कोणाची बायको माहेरी गेली. दोन महिन्यांत साहेब कंटाळला. त्याला काहीतरी द्यायला लागणारच होतं."

"म्हणून बहीण दिलीस."

"मी नसतं लिहिलं तर दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं. आणि तिखटमीठ लावून, घाणेरड्या अक्षरात." तिनं झाकण घट्ट फिरवलं. "माझ्या शब्दाला तिथं वजन होतं. मी सांगितलं म्हणून ती अकरा महिन्यांत सुटली. बाकीचे सहा वर्षं सडले. त्यांच्या बहिणी काय करत होत्या? रडत होत्या."

"तुला आवडायचं ते," मी म्हटलं. हे मला तिच्या शिरोरेषांवरून कळलं होतं. पहिल्या वर्षी त्या थरथरलेल्या होत्या, तिसऱ्या वर्षापासून सुतासारख्या सरळ.

तिनं हातातली बरणी खाली ठेवली. "या घरात माझं लिहिलेलं कोणी वाचायचं नाही," ती म्हणाली. "किराण्याची यादीसुद्धा नाही. तो माणूस वाचायचा. दोनदा वाचायचा. प्रश्न विचारायचा." मग तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "आणि तू तोंड वर करून विचारू नकोस. तुला कॉलेजात जागा कशावर मिळाली असं वाटलं? तुझ्या घोड्यांवर? तुझे घोडे कुत्र्यांसारखे दिसायचे."

ते खरोखरच कुत्र्यांसारखे दिसायचे.

"तिला सांगू नकोस," मी दारात पोचले तेव्हा आई म्हणाली. "तिला माझ्याशिवाय कोण आहे?"

म्हणूनच मी सांगायला गेले. आईला जे नको ते करायचं, एवढाच तेव्हा माझा विचार होता. त्याला सत्याची चाड वगैरे नाव द्यायला मी दादा नाही.

मावशीचं दुकान एका जुन्या बँकेच्या जिन्याखाली आहे. आत उभं राहिलं की डोक्यावरून लोकांची पावलं जातात. एक शिवणयंत्र, एक आरसा, गिऱ्हाइकांसाठी एक बाक. मावशी कोणाच्या तरी कोटाच्या बाहीला टाचण्या लावत होती, चार-पाच टाचण्या ओठांत धरून. मी बाकावर बसून सांगितलं. बराच वेळ लागला, कारण मी सारखी अडखळत होते. ती बाहीवरून हात काढेना.

माझं संपल्यावर तिनं एकेक टाचणी ओठांतून काढून मनगटावरच्या गादीत खोचली.

"मी पहिल्याच महिन्यात गेले होते," ती म्हणाली. "फायली उघडल्या तेव्हा. लांब रांग होती. थंडीत तीन तास उभी होते."

"म्हणजे आठ वर्षं झाली."

"आठ वर्षं आणि तीन महिने." तिनं कपड्यांच्या ढिगाखालून एक पत्र्याची ट्रंक ओढली आणि उघडून दाखवली. आत फाइलीची सगळी नक्कल, दोऱ्यानं बांधलेली. "अक्षर छान आहे तिचं, नाही?"

"आणि तरी तू दर रविवारी येतेस?"

"जेवायला येते."

"मावशी."

ती माझ्याकडे वळली. चेहरा अगदी प्रसन्न होता, आणि तेच मला भयंकर वाटलं.

"ती मला वाढते ना," ती म्हणाली, "तेव्हा दर वेळी माझ्या तोंडाकडे बघते. हिला कळलंय का, नाही कळलं? मी म्हणते, ताई, मीठ दे. ती मीठ देते आणि पुन्हा बघते. एकदा मी नुसतं म्हटलं, 'तो दफ्तरखाना कुठेशी आहे गं?' तिच्या हातातला डाव खाली पडला. मी उचलून दिला." तिनं कोटाची बाही झटकली. "बाकी माझ्याजवळ काय आहे, शाई? शाळा गेली, तो माणूस गेला. माझे सगळे मित्र मला विकाऊ समजून मेले. हा रविवार तेवढा आहे. तिला सांगू नकोस हं, मला कळलंय म्हणून."

मला तोवर मावशीची कीव यायची. त्या बाकावर ती संपली. मी जिन्याखालून बाहेर आले तेव्हा माझ्या मनात तिच्याबद्दल तेच होतं जे आईबद्दल होतं, आणि दादाबद्दल, आणि कडी लावून बसलेल्या त्या माणसाबद्दल. एकाच माळेचे मणी.

पुढचे तीन रविवार मी जेवायला गेले. जेवणं झाली की आई मला भांड्यांपाशी गाठून विचारायची, "ती काही बोलली का?" मी मावशीला बसपर्यंत पोचवायला जायचे तेव्हा ती विचारायची, "ताई काही बोलली का?" मी दोघींना थोडंथोडं सांगत असे. ती आज गप्प होती. तिनं तुझ्या पायांबद्दल विचारलं. तिसऱ्या रविवारी घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की मी काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं हे आधीपासून ठरवून जाते, आणि दोघी माझं बोलणं मन लावून ऐकतात याचं मला बरं वाटतं. पंचेचाळीस वर्षांत त्या घरात माझं कोणी असं ऐकलं नव्हतं. मी रस्त्यातच थांबले. मला माझीच शिसारी आली.

चौथ्या रविवारी दादा नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ घेऊन आला. दुसऱ्या कोणीतरी काढलेलं. गच्चीवर जबडेवाला पाहुणा, मागे खिडकीत सावलीतली एक बाई, खाली धावत जाणारी दुसरी. बाबांनी ते दोन्ही हातांनी धरून लांब नेऊन बघितलं.

"ही पळणारी कोण?" मावशीनं विचारलं.

"फितूर," दादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "काल्पनिक पात्र आहे."

"छान काढलीय," मावशी म्हणाली, आणि आईकडे बघून हसली. "ताई, मीठ दे."

आईनं मीठ पुढे केलं आणि मावशीच्या तोंडाकडे बघितलं.

"आई, तिला माहीत आहे," मी म्हटलं. "फायली उघडल्या त्या महिन्यापासून. तिच्या दुकानात नक्कल आहे. ती आठ वर्षं तुझी गंमत बघायला येतेय. आणि मावशी, मी आईशी बोललेय. पश्चात्ताप नाही तिला. तिला ते काम आवडायचं. आता मला दोघींनी काही विचारू नका."

बाबांनी मुखपृष्ठ खाली ठेवलं. दादाच्या तोंडात घास होता, तो तसाच राहिला. आई मावशीकडे बघत होती, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच तिचा चेहरा तिच्या ताब्यात नव्हता.

"आठ वर्षं?" तिनं विचारलं.

"आठ."

"मग त्या वर्षी मला न्यूमोनिया झाला, तू चार दिवस उशाशी बसलीस. तेव्हाही माहीत होतं?"

"होतं."

"तरी बसलीस?"

"तापात माणूस बरळतं," मावशी म्हणाली. "म्हटलं, बोलशील."

आईनं मिठाचं भांडं परत स्वतःकडे ओढलं. "काही बोलले?"

"बरण्यांबद्दल बोललीस. झाकणं बदलायला पाहिजेत म्हणालीस."

मग दादानं, कोणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून असेल, बाबांना विचारलं, "तुम्हाला यातलं काय माहीत होतं?"

बाबांनी डोळे बारीक केले. "ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले.

"न्हाणीघराचं दार पातळ आहे," आई म्हणाली. "यांना सगळं ऐकू आलं होतं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, चहा टाक." दादानं बाबांकडे बघितलं. मग त्यानं मुखपृष्ठ उचललं, नीट गुंडाळलं आणि पिशवीत घातलं.

माझी अपेक्षा होती की आता त्या दोघी एकमेकींच्या उरावर बसतील. तसं झालं नाही. त्या दोघी माझ्याकडे वळल्या.

"तुला कोणी सांगितलं होतं मधे तोंड घालायला?" आई म्हणाली.

"मी तुला विश्वासानं सांगितलं होतं," मावशी म्हणाली. "आतल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडतेस?"

"दोघींकडून काढून घ्यायचं आणि दोघींना विकायचं," आई म्हणाली. "हे कोणाकडून शिकलीस?"

मी पर्स घेऊन उठले. जिन्यात मला हसू येत होतं.

पुस्तक वेळेवर निघालं. जोरात खपलं म्हणतात. बाबांनी एका दुकानात बसून दोन तास सह्या केल्या, आणि लोकांनी काहीही विचारलं की ते वाक्य म्हणायचे. लोक खूश व्हायचे. दादा आणि मी आता बोलत नाही. मी पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी माहितीपुस्तिकांची चित्रं काढते. कुठला वायसर कुठे बसतो, ते बाण काढून दाखवायचं. त्या कामात मला मिळालेली जागा कोणाच्या शिफारशीनं मिळाली नाही, हे मी तिथल्या साहेबाला तीनदा विचारून पक्कं केलं. त्याला मी वेडी वाटले असणार.

मावशीनं रविवारी येणं बंद केलं. दोन महिने दोघींचं काही कानावर नव्हतं. मग एकदा बँकेच्या बाजूला काम निघालं म्हणून मी दुकानावरून गेले, आणि दारातच थबकले.

आत आई बाकावर बसली होती, बाहेर जायचा कोट अंगात तसाच ठेवून. शेजारी ती पत्र्याची ट्रंक उघडी होती. आईच्या नाकावर चष्मा आणि हातात फाइलीची पानं, आणि ती मोठ्यानं वाचत होती. मावशी यंत्रावर पँटची शिवण मारत होती.

"'गुरुवार. चार जण आले. बहिणीनं निळा स्वेटर घातला होता. उंच मुलगा तिच्या शेजारी बसला.'"

"हिरवा," मावशी म्हणाली.

"इथं निळा लिहिलाय."

"तू चुकीचं लिहिलंस. निळा मला नव्हताच. पुढे."

एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा आई पानं पालथी ठेवून गप्प बसली. ते गेल्यावर पुन्हा उचलली. नंतर मला कळलं की आई दर बुधवारी दोन बसा बदलून येते. मावशीनं निरोप धाडला होता, की सगळी फाइल तिच्या स्वतःच्या तोंडून ऐकायची आहे, पहिल्या पानापासून. साहेबाच्या शेऱ्यांसकट चारशेबारा पानं आहेत. त्या दिवशी ती दुसऱ्या वर्षात होती.

मी आत पाऊल टाकलं तशी मावशीनं यंत्र थांबवलं.

"तुझं काय काम आहे?"

"काही नाही. सहज."

"मग बाहेर जा," आई चष्म्यावरून बघत म्हणाली. "हे आमचं चाललंय."

"तू हिला माफ केलंस का?" मी मावशीला विचारलं.

"छे." तिनं पँट उलटी केली. "अजून माझ्या अटकेपर्यंतही आलो नाही."

आईनं पानावर बोट ठेवून ओळ शोधली. मी बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं. काचेतून तिचा आवाज येत होता, एकसुरी, शाळेत उभं राहून धडा वाचावा तसा.

"'उंच मुलगा तिच्या शेजारी बसला. बहीण त्या दिवशी बरंच हसली.'"

यंत्र चालू झालं नाही. थोड्या वेळानं मावशी म्हणाली, "हे पुन्हा वाच."

आईनं पुन्हा वाचलं.